ट्रेलर ओढायला ट्रक घेताय? ऑटोमॅटिक की मॅन्युअल, हे या क्रमाने ठरवा

ट्रेलर ओढण्यासाठी ट्रक घेणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी 'मला मॅन्युअलच हवी' किंवा 'आता ऑटोमॅटिकच घ्यायची' असं ठरवून टाकतात, मग मॉडेल पसंत करतात, आणि ट्रेलरचं वजन किती हा प्रश्न पैसे भरून झाल्यावर पडतो. दुसरी चूक चाचणीची. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर पळवून बघतात आणि गिअरबॉक्स चांगला की वाईट ते सांगून मोकळे होतात.

हमरस्त्यावर ताशी ऐंशीने ट्रेलर ओढताना दोन्ही गिअरबॉक्स जवळपास सारखंच काम करतात. खरा फरक ताशी दहा किलोमीटरच्या खाली दिसतो: भरलेला ट्रेलर चढावर उचलताना, मागे घेताना, कोंडीत इंचाइंचाने सरकताना. त्यानंतर लांब उतारावर. म्हणून निर्णय याच जागांवरून घ्यायचा. खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा; एक गाळलात की पुढच्याचं उत्तर चुकतं.

## टप्पा १: आधी वजनकाटा

कंपनीने ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेलं रिकामं वजन इथे उपयोगाचं नाही. ट्रेलर नेहमीसारखा भरा, पाण्याच्या टाक्या, अवजारं, सुटं चाक यांसकट, आणि काट्यावर न्या. तीन आकडे घ्या: एकट्या ट्रेलरचं वजन, माणसं आणि सामान धरून ट्रकचं वजन, आणि दोन्ही जोडून एकत्र वजन.

आता ट्रकच्या कागदपत्रांतले तीन आकडे शोधा: ट्रेलर ओढण्याची कमाल मर्यादा, ट्रकचं स्वतःचं कमाल एकूण वजन, आणि ट्रक व ट्रेलर मिळून कमाल वजन. जाहिरातीत फक्त पहिला आकडा झळकतो. गडबड होते ती तिसऱ्यात. ट्रक माणसांनी आणि सामानाने पूर्ण भरला की पुष्कळ मॉडेलांत ट्रेलरसाठी जाहिरातीतली पूर्ण मर्यादा उरतच नाही.

हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या ट्रेलर-जोडणीवर, येणारा भारही ट्रकच्याच वजनात धरायचा असतो. बॉल-हिचवर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त, ट्रकच्या मागच्या टोकावर बसतो. नेमका किती चालतो ते हस्तपुस्तिकेत बघा.

तपासा: भरलेला ट्रेलर मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत बसतो का? बसत नसेल तर गिअरबॉक्सचा विचार बाजूला ठेवा आणि मोठा ट्रक बघा. हा ८० टक्क्यांचा आकडा नियमातला नाही, माझा आहे. चढ, उन्हाळा आणि समोरून येणारा वारा यांच्यासाठी एवढी जागा ठेवावीच असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा २: एकाच ट्रकची मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशी दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवा

तोच ट्रक, तेच इंजिन, म्हणजे ओढण्याची ताकदही तीच, असं गृहीत धरू नका. गिअरबॉक्स बदलला की इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकदसुद्धा बदलू शकते, कारण क्लच आणि गिअर जपण्यासाठी उत्पादक इंजिनालाच आवर घालतो.

२०१८ सालच्या रॅम ३५०० चं उदाहरण घ्या. कमिन्स डिझेल इंजिन सहा-गिअर मॅन्युअलबरोबर घेतलं तर ६६० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ८९५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळे. आयसिन ऑटोमॅटिकबरोबरच्या त्याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या रूपात तो ९३० पौंड-फूट, म्हणजे सुमारे १,२६० न्यूटन-मीटर होता.

यावरून 'ऑटोमॅटिक नेहमी जास्त ओढते' असा निष्कर्ष मात्र काढू नका. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सच्या फोर-बाय-फोर डिझेलमध्ये ऑटोमॅटिकला टॉर्क जास्त होता, तरी ओढण्याची मर्यादा मॅन्युअलची ३,५०० किलो आणि ऑटोमॅटिकची ३,२०० किलो होती. पुढे २०२० च्या सुधारित मॉडेलमध्ये ऑटोमॅटिकलाही ३,५०० किलो मिळाले. म्हणजे मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्स या तिन्हींची जोडी जुळवूनच आकडा वाचायचा.

याच पत्रकात मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर असतं, ३.५, ३.७३, ४.१० असं काहीतरी. लोक ते वाचतच नाहीत. एकच गिअरबॉक्स असला तरी अ‍ॅक्सलचा आकडा वाढला की ओढण्याची ताकद वाढते आणि डिझेल-पेट्रोलचा खर्चही थोडा वाढतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर दोन्ही लिहून ठेवा, चौथ्या टप्प्यात लागतील.

## टप्पा ३: 'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकी कोणती?

क्लचचं पेडल नाही एवढ्यावरून सगळ्या गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणतात. ओढण्याच्या कामात मात्र त्यांच्या स्वभावात मोठा फरक असतो.

टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक ही ओढकामाची खरी ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. जागेवरून निघताना कन्व्हर्टर टॉर्क साधारण दुप्पट करून पुढे देतो, आणि वेग आला की आतला लॉक-अप क्लच बसून जोडणी थेट होते.

एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्रणा बसवलेली असते. चढावर क्लच तितकाच घासतो, फक्त तो कधी आणि किती घासावा हे तुमच्या पायाऐवजी संगणक ठरवतो. मोठ्या मालवाहू ट्रकांतल्या एएमटीला बारा-बारा गिअर आणि तसाच दणकट क्लच असतो, तिथे ती उत्तम चालते. छोट्या पिकअपमधली एएमटी वजनी ट्रेलरला लावू नका.

ड्युअल-क्लचचे गिअर झटपट बदलतात, पण तिथेही निघताना घासतो तो क्लचच. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, हलक्या ट्रेलरपुरती ठीक.

सावधान: विक्रेता नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणाला की 'टॉर्क कन्व्हर्टर आहे का?' हा प्रश्न विचारा आणि उत्तर पत्रकात बघून घ्या. इथून पुढे या लेखात ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक.

## टप्पा ४: चढावर उचलण्याचं गणित

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

ओढण्याच्या मर्यादा ठरवण्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात १२ टक्के चढावर भरलेला ट्रेलर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून पुढे उचलून दाखवावा लागतो, आणि पुन्हा पाच वेळा मागे. आपण तोच चढ घेऊ. ट्रक आणि ट्रेलर मिळून ६,००० किलो धरा.

चढामुळे मागे खेचणारं बळ सुमारे ७,००० न्यूटन. चाकांच्या घर्षणाचे आणखी ९०० च्या आसपास. म्हणजे ७,९०० न्यूटन. चाकाची त्रिज्या ३८ सेंटीमीटर धरली तर चाकाशी जवळजवळ ३,००० न्यूटन-मीटर टॉर्क लागेल, तोही नुसता तोल साधायला. गाडी पुढे हलायला याहून थोडा जास्तच.

मॅन्युअलचा पहिला गिअर ४.३ आणि अ‍ॅक्सल ३.९ असेल तर गुणाकार १६.८. इंजिनाकडून लागणारा टॉर्क ३,००० भागिले १६.८, म्हणजे साधारण १८० न्यूटन-मीटर. ऑटोमॅटिकचा पहिला गिअर ४.७, अ‍ॅक्सल ३.५ आणि कन्व्हर्टरची १.९ पट वाढ धरली तर गुणाकार ३१.३ होतो, आणि इंजिनाकडून ९६ न्यूटन-मीटर पुरतात. आतल्या यंत्रणेत वाया जाणारी ताकद मी सोडून दिली आहे, पण तुलनेला एवढं पुरे.

आता हे १८० कुठून आणायचे? टर्बो डिझेल आयडलिंगला असताना टर्बोचा दाब नसतो, त्यामुळे पत्रकातल्या कमाल टॉर्कचा एक भागच हाताशी असतो. मग रेस वाढवून हाफ क्लचवर गाडी उचलावी लागते. त्या दोन-तीन सेकंदांत तयार होणारी सगळी उष्णता क्लच प्लेटच्या आणि फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर साठते. तिला वाहून नेणारं तिथे काहीच नाही. एकदा उचललं तर काही बिघडत नाही. पण पुढे वाहतूक तुंबलेली असेल आणि त्याच चढावर दर मिनिटाला थांबून निघायचं असेल, तर थोड्याच वेळात जळक्या प्लेटचा तो उग्र वास येतो. वास आला म्हणजे पृष्ठभाग आधीच करपलेला असतो. ऑटोमॅटिकमध्येही उष्णता होते, पण ती तेलात जाते आणि तेल कूलरकडे जातं.

मॅन्युअलकडे याला दोन चांगली उत्तरं आहेत. पहिलं, फार खालचा पहिला गिअर. जुन्या वजनी पिकअपांत वापरलेल्या एनव्ही ४५०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर ५.६१ आहे. तोच अ‍ॅक्सल धरला तर १८० ऐवजी १३७ न्यूटन-मीटरमध्ये काम होतं. दुसरं, फोर-बाय-फोरची लो रेंज, म्हणजे सगळेच गिअर आणखी खाली आणणारी ट्रान्स्फर केसमधली जोड. ट्रान्स्फर केसचं लो गुणोत्तर २.६ असेल तर १८० चे ६९ होतात, म्हणजे ऑटोमॅटिकच्या हाय रेंजपेक्षाही कमी.

सावधान: पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये लो रेंज टाकली की पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर अशी गाडी वळवली तर ट्रान्समिशनमध्ये ताण भरतो आणि भाग मोडू शकतात. लो रेंज माती, खडी, गवत अशा निसरत्या जमिनीवरच वापरा. फक्त मागच्या चाकांवर लो रेंज देणारे काही ट्रक आहेत. तुमचा त्यांपैकी आहे का ते आधी बघा.

तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक ट्रकसाठी वरचा भागाकार करा. उत्तर इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या निम्म्याच्या आसपास येत असेल आणि नेहमीच्या वाटेवर चढावर थांबावं लागत असेल, तर तो मॅन्युअल ट्रक वगळा.

## टप्पा ५: मागे घेणं

विकत घेताना हे कोणीच बघत नाही, आणि क्लचची सर्वांत जास्त झीज इथेच होते.

रिव्हर्स गिअर ४.०, अ‍ॅक्सल ३.९, इंजिन ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला. हिशेब केला तर क्लच पूर्ण सोडल्यावर ट्रक ताशी सात किलोमीटरने मागे जातो. ट्रेलर वळवून जागेवर लावायला ताशी दोन-तीनच्या वर वेग नको. म्हणजे पूर्ण वेळ हाफ क्लच. हिच जोडायची वेळ तर आणखी नाजूक. ट्रकवरचा बॉल आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं कपलर यांच्यात चार बोटांचं अंतर उरलेलं असतं, जमीन किंचित चढाची असते, आणि डाव्या पायाला तेवढंच अंतर कापून थांबायचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवरचा पाय सैल केला की काम होतं.

रोज दोन-चारदा ट्रेलर अरुंद जागेत मागे घ्यावा लागत असेल तर माझं मत स्पष्टपणे ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे. मातीच्या मोकळ्या आवारात लो रेंज टाकून मागे घेता येत असेल तर मॅन्युअलचा हा तोटा उरत नाही.

## टप्पा ६: उतार

सहा टन वजन तीनशे मीटर खाली उतरतं तेव्हा एक किलोवॉटचा हीटर जवळजवळ पाच तास चालेल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून गिअरबॉक्सला इंजिनाची ओढ धरून ठेवता आली पाहिजे.

मॅन्युअल इथे सरळ आहे: टाकलेला गिअर सुटत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तीन गोष्टी बघा. टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारी सोय, आहे का? गिअर हाताने निवडून धरून ठेवता येतो का, की थोड्या वेळाने गाडी आपणच वरचा टाकते? आणि उतारावर पाय उचलल्यावर लॉक-अप बसलेला राहतो का? तो सुटला की इंजिनाची ओढ ढिली पडते. टॅकोमीटरचा काटा खाली घसरतो आणि वेग वाढू लागतो, यावरून ते ओळखता येतं.

डिझेल इंजिनाची स्वतःची ओढ पेट्रोलपेक्षा कमी असते, म्हणून वजनी ट्रेलर आणि घाट असेल तर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून ओढ वाढवणारी सोय) असलेला ट्रक घ्या, गिअरबॉक्स कोणताही असो.

सावधान: खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. मॅन्युअलमध्ये उताराच्या मधोमध गिअर बदलायला क्लच दाबला आणि खालचा गिअर पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते.

## टप्पा ७: उष्णतेची सोय

ऑटोमॅटिकचं आयुष्य तेलाच्या तापमानावर ठरतं. ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही नेहमीची पातळी. १२० च्या वर तेल वेगाने खराब होऊ लागतं. मेकॅनिक लोकांचा जुना ढोबळ ठोकताळा असा की नेहमीच्या पातळीच्या वर दर ११ अंशांमागे तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

म्हणून तापमान आकड्यात दाखवणारं मीटर हवं. नुसता लाल दिवा असेल तर तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. वेगळा ऑइल कूलर कंपनीकडून बसवलेला आहे का ते विचारा. टोइंग पॅकेजमध्ये बहुधा तो असतो. चढावर तापमान वाढू लागलं तर एक गिअर खाली घ्या. फेऱ्या वाढल्या की लॉक-अप बसून राहतो आणि घसरण थांबते. लोक नेमकं उलटं करतात: आवाज कमी करायला वरचा गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहतात.

मॅन्युअलमध्ये वरच्या गिअरचा वेगळा प्रश्न आहे. कमी फेऱ्यांवर जोर लावला की ड्युअल-मास फ्लायव्हीलला आणि गिअरच्या बेअरिंगला मार बसतो. काही उत्पादक ट्रेलर जोडलेला असताना सर्वांत वरचा गिअर टाळायला सांगतात. १:१ गुणोत्तराच्या थेट गिअरमध्ये ओढणं गिअरबॉक्सला सोसतं, कारण तेव्हा ताकद मधल्या शाफ्टवरून फिरून जात नाही.

## टप्पा ८: आता निवडा

चालवणार कोण, हा शेवटचा प्रश्न. ट्रक एकाहून जास्त माणसांच्या हाती जाणार असेल तर मॅन्युअलच्या क्लचचं आयुष्य त्यांच्यातल्या सर्वांत कच्च्या चालकावर ठरतं. अशा वेळी ऑटोमॅटिक घ्या. कोंडीतून रोज जाणं, अरुंद जागेत मागे घेणं, डांबरी चढावर थांबणं यांपैकी दोन गोष्टी नेहमीच्या असतील तरीही ऑटोमॅटिक.

मॅन्युअल घ्यायची ती ट्रेलर मर्यादेच्या बराच आत असताना, पहिला गिअर खरोखर खालचा असताना किंवा लो रेंज वापरता येईल अशी जमीन असताना, आणि चालवणारा एकच, सरावलेला माणूस असताना. शहरापासून दूर, ऑटोमॅटिक उघडून दुरुस्त करणारा जाणकार जवळ नसेल तिथे मॅन्युअलचं पारडं आणखी जड होतं. क्लच बदलणं साधा मेकॅनिक करू शकतो. ऑटोमॅटिक बिघडली तर बहुधा संपूर्ण गिअरबॉक्स बाहेर काढून पाठवावा लागतो.

'मॅन्युअल इंधन वाचवते' हे कारण मात्र यादीतून काढून टाका. लॉक-अप असलेल्या आठ-दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसमोर, ट्रेलर जोडलेला असताना, तो फरक निर्णय फिरवण्याइतका राहत नाही.

## टप्पा ९: ट्रेलर जोडूनच चाचणी

विक्रेत्याकडे भरलेला ट्रेलर जोडून बघण्याचा आग्रह धरा. चढावर थांबून पुन्हा निघा, मागे घेऊन एक वळण काढा, एक लांब उतार उतरा.

जुना ट्रक असेल तर आणखी बघा:

- मॅन्युअल: वरच्या गिअरमध्ये ताशी साठच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या चढल्या आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय.
- गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा.
- ऑटोमॅटिक: ताशी साठ ते ऐंशीच्या दरम्यान हलक्या पायाने चालवताना बारीक थरथर जाणवली तर लॉक-अप क्लच किंवा तेल खराब असण्याची शक्यता आहे.
- तेल बघता येत असेल तर बघा. तपकिरी-काळं आणि जळका वास असेल तर किंमत कमी होत असली तरी तो ट्रक सोडा.

सावधान: ब्रेक दाबून ऑटोमॅटिकला पूर्ण रेस द्यायची 'स्टॉल टेस्ट' स्वतः करू नका. काही सेकंदांत तेल खराब होण्याइतकं तापू शकतं.

## टप्पा १०: घेतल्यानंतरचे पहिले दिवस

नव्या ट्रकला लगेच वजन जोडू नका. बहुतेक हस्तपुस्तिकांत ८०० ते १,६०० किलोमीटर रिकामं चालवायला सांगितलेलं असतं. क्लचची नवी प्लेट बसायला आणि अ‍ॅक्सलचे गिअर एकमेकांवर रुळायला तेवढा वेळ लागतो. ऑटोमॅटिकच्या तेलावर 'आयुष्यभर पुरेल' असं लिहिलेलं असलं तरी हस्तपुस्तिकेत जड वापराचं वेगळं वेळापत्रक शोधा. ट्रेलर ओढणं त्यातच मोडतं. मॅन्युअलचं गिअर ऑइल आणि मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइलही त्याच वेळापत्रकाने बदला. अ‍ॅक्सलचं ऑइल तर दोन्ही प्रकारचे मालक सारखंच विसरतात.